सुंठ आणि मिरीची नखं

वासुदेवकाकांच्या घरात मला खोली मिळाली ती माझ्या मार्कांमुळे नव्हे, मला मांजरांचं वावडं नव्हतं म्हणून. २०१४ चा ऑक्टोबर होता. स्टुटगार्टच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, पण राहायला जागा मिळत नव्हती. कुणीतरी जवळच्याच झिंडेलफिंगेन गावातला पत्ता दिला. काकांनी मला समोर बसवून पाऊण तास मुलाखत घेतली. पगारी नोकरीच्या मुलाखतीतही इतके प्रश्न मला नंतर कुणी विचारले नाहीत. शेवटचा प्रश्न होता, "मांजराजवळ बसलास तर नाक वाहतं का?"

मी म्हणालो, "आमच्या जतला मांजरं दुधाच्या पातेल्यावरनं चालत जातात काका. आम्ही मग तेच दूध पितो."

आतून कुंदाकाकू हसल्या. "अहो, घ्या त्याला. निदान बोलतो तरी."

दोन मांजरी, सख्ख्या बहिणी, सयामी जातीच्या. अंग सायीच्या रंगाचं. तोंड, कान, पाय आणि शेपूट मात्र विस्तवावर धरल्यासारखी काळपट. डोळे निळे आणि किंचित तिरळे, त्यामुळे त्या आपल्याकडे बघतायत की आपल्या मागच्या माणसाकडे, हे कळायचं नाही. एकीचं नाव सुंठ, दुसरीचं मिरी. सयामी मांजर म्याव करत नाही, ती तक्रार करते. बाळाने टाहो फोडावा तसा आवाज. वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले, म्हणजे हेबर्लेबाई, पहिल्या वर्षी दोनदा बेल वाजवून विचारून गेल्या होत्या म्हणे, की तुमच्याकडे बाळ आहे का, आणि असेल तर त्याला कुणी घेत का नाही.

बाळ नव्हतं. ते झालं नाही, आणि त्या विषयावर त्या घरात कुणी बोलत नसे.

काका मूळचे वाईचे. मोटारींच्या कारखान्यात दरवाजांच्या विभागात होते. यंत्राला दार जोडायचं, हजारो वेळा उघडायचं-मिटायचं, आणि कुठली बिजागरी कधी कुरकुरते ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे जगातली प्रत्येक अडचण ही एखाद्या सुट्या भागाची अडचण असते, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. मी वॉशिंग मशीनला हात लावला की मागून आवाज यायचा, "आधी माहितीपुस्तक वाच." मी अंडं उकडायला घेतलं तरी मला मागे वळून बघायची सवय लागली.

पण या माणसाला नुसतं हसून चालायचं नाही. २०११ मध्ये काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या. वर्षभर त्या डायलिसिसवर होत्या. मग काकांनी आपली एक दिली. फार चर्चा नाही, गावाकडे फोन नाहीत. तपासण्या जुळल्या तेव्हा कारखान्यात रजेचा अर्ज टाकला आणि जाऊन झोपले टेबलावर. काकू म्हणायच्या, "ह्यांची किडनी बसवल्यापासून मला वेळेवर जेवायची सवय लागली बघ. आधी कशी मी मोकळी होते." काका यावर कान लाल करून पेपर वाचत बसायचे.

त्या किडनीला शरीराने परकी समजून हाकलू नये म्हणून काकूंना सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला गोळ्या असत. त्या गोळ्या शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी करतात. म्हणजे पाहुण्याला त्रास नको म्हणून घरचा राखणदारच गुंगीत ठेवायचा. मग चोर आला तरी तो उठत नाही. म्हणून मांजरांचे नियम होते. त्यांच्या शी-शूची मातीची पेटी काका तोंडाला मास्क लावून साफ करायचे. मांजरींनी पलंगावर झोपायचं नाही, असाही एक नियम होता. तो फक्त मांजरींना कुणी सांगितला नव्हता.

२०१५ च्या फेब्रुवारीत मिरी काकूंच्या मांडीवरून घसरली आणि आधारासाठी तिने मनगट धरलं. तीन बारीक रेघा. दुसऱ्या दिवशी ताप, मग नऊ दिवस दवाखाना. सोडताना डॉक्टरांनी काकांना सांगितलं, नखं नेहमी कापत जा, हातमोजे वापरा. पण खरं विचाराल तर मांजरी कुणाला तरी देऊन टाका.

काकांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. काकू सोफ्यावर होत्या, दोन्हीकडे दोघी.

"द्या," काकू म्हणाल्या. "त्यांच्याबरोबर मलाही देऊन टाका."

"कुंदा, मी सिरियसली बोलतोय."

"मी पण. वर्षभर मी ह्या सोफ्यावर पडून होते. तुम्ही तिकडे दारं उघडत होतात. तेव्हा कोण होतं इथे?"

त्या दिवसापासून काकांपुढे एकच काम उरलं: मांजरी घरात राहिल्या पाहिजेत आणि काकूंना ओरखडा येता कामा नये. आधी त्यांनी दर रविवारी दोघींना टॉवेलात गुंडाळून नखं कापायचा कार्यक्रम केला. त्यात रक्त निघायचं, बहुतेक काकांचं. मग नखांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या टोप्या मागवल्या. सुंठने त्या एकेक चावून काढल्या आणि काकांच्या बुटात नेऊन टाकल्या. मी म्हणालो, "काका, तुमच्या क्वालिटी डिपार्टमेंटपेक्षा ही बरी तपासणी करते." एरवी ते हसले असते.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं एकेक टोपली घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. फ्राऊ मॉयरर, साठीच्या, हाताला जुने ओरखडे. काकांनी विचारलं, नखं कायमची काढता येतील का. बाईंनी संगणकावर एका पंजाचा एक्स-रे उघडला. शांतपणे सांगितलं की मांजराचं नख आपल्यासारखं वर चिकटवलेलं नसतं, ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. नख कायमचं काढायचं म्हणजे ते हाडच सांध्यातून कापायचं. पुढच्या दोन पायांची दहा बोटं. "जर्मनीत याला बंदी आहे. आणि नसती तरी मी केलं नसतं." मग टोपलीत बोट घालून मिरीचा कान खाजवत म्हणाल्या, "शिवाय, नखं गेली की मांजराकडे एकच गोष्ट उरते. दात."

गाडीत काका म्हणाले, "ह्या बाई एकच बाजू सांगतात. अमेरिकेत सर्रास करतात. तिकडचे लोक वेडे आहेत का?"

"तिकडच्या गाड्यांची दारं कशी लागतात ते तुम्हीच सांगता की काका."

"विषय काय, तू बोलतोस काय," काका म्हणाले.

आता, जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांचा एक अलिखित नियम आहे. इथे जे होत नाही, वेळ लागतो किंवा कुणी ऐकत नाही, ते भारतातून करून घ्यायचं. मंडळाच्या गणपतीत गाल धरून बसलेला माणूस दिसला की समजावं, दाढ ठणकतेय पण तो डिसेंबरची वाट बघतोय, पुण्याच्या दाताच्या डॉक्टरसाठी. चष्मा तिकडचा, गोळ्या तिकडच्या, कुकरची रिंगसुद्धा तिकडची. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या बॅगेवर निम्मा हक्क आपला. काकांनी मांजरांचाही प्रश्न या नियमात बसवला.

दत्ता हा त्यांचा मामेभाऊ, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर. जून महिन्यात तो टूर कंपनीबरोबर युरोप बघायला येणार होता. काकांनी त्याला पाच दिवस आधी बोलावलं. दत्ताकाकांनी मेतकूट आणलं, शेंगदाण्याची चटणी आणली, कुकरची रिंग आणली, आणि बॅगेच्या तळाशी, लोकरी मोज्यात गुंडाळून, आणखी काही सामान आणलं.

"वासूदादा, मी म्हशींचा डॉक्टर रे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "मांजर आमच्याकडे कुणी आणतच नाही. मांजर आपलं आपण जगतं आणि आपलं आपण मरतं."

"म्हशीचं जमतं त्याला मांजराचं जमणार नाही?"

"आकाराचा प्रश्न नाहीये दादा."

"मग कुंदाचा विचार कर," काका म्हणाले. दत्ताकाकांनी मोजा उलगडला. शाळेत असताना ह्याच भावजयीच्या हातचा डबा खाल्लेला माणूस.

काकूंना काकांनी सांगितलं की भूल देऊन नखं मुळापासून काढायची, दोन दिवस पाय जड राहतील, झालं. काकूंनी विश्वास ठेवला. ऑपरेशनच्या बाबतीत त्या ह्या माणसावर विश्वास ठेवणार नाहीत तर कुणावर? तरी एकदा स्वयंपाकघरात मला विचारलं, "हृषी, तू होतास ना त्या डॉक्टरबाईंकडे? काय म्हणाल्या त्या?"

"कायद्यात बसत नाही म्हणाल्या."

हे खरं होतं. जेवढं सांगितलं तेवढं खरं होतं. काकू म्हणाल्या, "इथे कायद्यात काय बसतं? रविवारी कचऱ्यात बाटल्यासुद्धा टाकता येत नाहीत, आवाज होतो म्हणून," आणि पोळी उलटली.

दिवसही रविवारच ठरला. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून कपडे धुवायची खोली होती, आणि रविवारी तिथे मशीन लावायला बंदी. त्यामुळे रविवारी तिथे कुणी फिरकत नाही, हा काकांचा हिशोब. जर्मन माणूस नियम मोडणार नाही या भरवशावर नियम मोडायचा. इस्त्रीचं टेबल, टेबललँप, जुने पेपर, दोन बादल्या. मला जिन्यात बसवलं होतं, कुणी आलं तर खोकायला.

कुणी आलं नाही. दीड तास आतून फक्त दत्ताकाकांचं "धर, धर नीट" ऐकू येत होतं, आणि एकदा काही बादलीत पडल्याचा बारीक आवाज. मग परत तसाच. मी मोजायला लागलो होतो, तेव्हा उठून एक जिना वर जाऊन बसलो.

बाहेर आल्यावर दत्ताकाका बराच वेळ हात धूत होते. "अठ्ठावीस वर्षांत असं काम केलं नाही," म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी आग्रह केला तर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी त्यांची बस पॅरिसला गेली. जाताना दुखण्याचं औषध ठेवून गेले. काकांनी त्याच्या थेंबांचा तक्ता करून फ्रिजवर लावला.

घरातला पहिला बदल म्हणजे शांतता. सात वर्षं अखंड बोलणाऱ्या त्या दोघी गप्प झाल्या. पेटीतली माती पायाला टोचायची म्हणून त्या पेटीत जाईनात, बाथरूमच्या पायपुसण्यावर बसायच्या आणि मग अपराध्यासारख्या सोफ्याखाली. चालायच्या तापलेल्या पत्र्यावर पाय पडावा तशा. फ्राऊ हेबर्लेंनी जिन्यात विचारलं, मांजरी आजारी आहेत का, आवाज येत नाही. काका म्हणाले, वय झालं. मी म्हणालो, "काका, मॉयररबाईंना एकदा दाखवू या." ते म्हणाले, "दार उघडताक्षणी कळेल तिला."

बाराव्या दिवशी संध्याकाळी काकूंनी मिरीला सोफ्याखालून काढून मांडीवर घेतलं. घेताना तिचा पंजा बोटांत दाबला गेला. मिरी चावली. सात वर्षांत ती कुणाला चावली नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी चार भोकं, रक्तही फारसं नाही. काकू म्हणाल्या, "तिची चूक नाही, मीच धरलं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात मनगटापर्यंत सुजला आणि अंगात थंडी भरली.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. काकूंचं जर्मन बेकरीपुरतं. एरवीही दवाखान्यात काका दुभाषाचं काम करायचे. डॉक्टरने विचारलं, कसं झालं. काकू मराठीत म्हणाल्या, "मांजर चावलं म्हणावं."

काका जर्मनमध्ये म्हणाले, "बाल्कनीतल्या गुलाबाचे काटे लागले."

काकूंना जर्मन येत नसलं तरी मांजराला काय म्हणतात ते येत होतं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्या शब्दाने त्यांनी दोघींची ओळख करून दिली होती. काकांच्या बोलण्यात तो शब्द आला नाही, हे त्यांना समजलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे बघून होकारार्थी मान हलवली. ह्यांनी केलंय म्हणजे काहीतरी विचार करून केलं असेल, असं ते मान हलवणं होतं.

बाहेर पार्किंगमध्ये मी विचारलं, "काका, हे काय केलंत?"

"आइनब्युर्गरुंगचा अर्ज आत आहे." म्हणजे जर्मन नागरिकत्वाचा. परीक्षेत काकांनी तेहतीसपैकी तेहतीस मिळवले होते, ते मला महिनाभर ऐकावं लागलं होतं. "मांजर म्हटलं की कुणाचं, कुठाय, लस दिलीय का. कुणी बघायला आलं आणि पंजे पाहिले तर? गुन्हा नोंदला तर पंधरा वर्षं पाण्यात. आणि दत्ता अजून युरोपात आहे."

"पण औषध?"

"अँटिबायोटिक ते अँटिबायोटिक, हृषी."

असं नसतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, काकांनाही नव्हतं. काट्याने झालेल्या जखमेला जे औषध देतात ते मांजराच्या तोंडातल्या जंतूंवर चालेलच असं नाही, हे माहितीपुस्तक आम्ही दोघांनीही वाचलं नव्हतं. दोन दिवस दवाखान्यात काकूंना काट्याचं औषध चालू राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. रक्तदाब खाली गेला होता आणि लघवी बंद झाली होती. एक मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. हात उलटसुलट करून पाहिला आणि काकांना म्हणाल्या, "हे काटे नाहीत. घरात प्राणी आहे का?"

काका भिंतीवरच्या मशीनकडे बघत राहिले. तेवढ्यात काकू तापात बोलायला लागल्या. "तिला मारू नका. तिचा पाय दुखत होता."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

त्या खोलीत मराठी कळणारी तीनच माणसं होती. त्यातली एक बेशुद्धीच्या काठावर. मी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी स्वतःच्या समाधानासाठी नमूद करतो. पण काका आधी बोलले. म्हणाले, "मांजर. माझी बायको म्हणतेय की मांजर चावलं. पहिल्या दिवशीही तेच म्हणाली होती. मी दुसरं सांगितलं."

मला वाटलं बाई ओरडतील. त्यांना तेवढा वेळ नव्हता. त्यांनी परिचारिकेला औषधाचं नाव सांगितलं आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

काकू वाचल्या. किडनी वाचली नाही. आठ दिवसांनी ते सांगायला बोलावलं तेव्हा काकांनी विचारलं, "काहीच दुरुस्ती नाही?" त्यांनी हा प्रश्न कारखान्यातल्या आवाजात विचारला. उत्तर आल्यावर ते खुर्चीवर डावी कूस धरून बसले, जिथून ती काढली होती तिथे.

मांजरी पाहायला कुणीच आलं नाही. दवाखान्याने कुणाला काही कळवलं नाही, कुणी विचारलं नाही. सप्टेंबरात नागरिकत्व मंजूर झाल्याचं पत्र आलं. काकांनी ते फाइलला लावलं आणि तारीख टाकली.

त्याच्या आधीच ते दोघींना घेऊन मॉयररबाईंकडे गेले होते. मी गाडीत थांबलो. पाऊण तासाने बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "हाडाचे तुकडे राहिलेत आत. सहा बोटांत. परत उघडावं लागेल." बाई त्यांना काय बोलल्या ते मी विचारलं नाही. विचारायची गरज पडू नये असा चेहरा होता.

किडनीच गेली, त्यामुळे काकूंच्या त्या गोळ्या हळूहळू बंद करत आणल्या. शेवटच्या तपासणीत डॉक्टर काकांना म्हणाले, आता मांजरी घरात असायला तशी हरकत नाही. काकांनी ते भाषांतर करून सांगितलं. शब्दन् शब्द. आता ते सगळंच शब्दन् शब्द सांगायचे, डॉक्टर खोकला तरी सांगतील असं वाटायचं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी होतो. दवाखान्याने नव्या किडनीच्या प्रतीक्षायादीचा अर्ज पाठवला होता. काकांनी तो ठळक अक्षरांत भरला होता. फक्त काकूंची सही राहिली होती. सुंठ काकूंच्या मांडीवर होती, पुढचे पाय पोटाखाली घेऊन.

काकू म्हणाल्या, "अहो, दत्ताभावजींनी नक्की काय कापलं ते मला सांगा."

काकांनी सवयीने पेन्सिल उचलली आणि पेपराच्या कडेला बोटाची आकृती काढायला लागले.

"चित्र नको. माझ्या बोटावर दाखवा."

काकूंनी डावा हात पुढे केला. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी काकूंची तर्जनी धरली, नखाच्या खालच्या सांध्यावर आपल्या अंगठ्याची कड टेकवली.

"इथून?"

"इथून."

"दहाही?"

"दहा. दोघींची वीस."

काकूंनी हात काढून घेतला नाही. "आणि हे तुम्हाला आधी माहीत होतं."

"माहीत होतं."

"मला विचारलं असतंत तर मी काय म्हणाले असते?"

"नको म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीत."

काका म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं, कुंदा."

"ते कळलं मला. तेच तर." काकूंनी दुसऱ्या हाताने अर्ज ओढला, पहिलं पान वाचल्यासारखं केलं आणि काकांच्या बाजूला सरकवला. "दुसरी किडनी आली की परत त्या गोळ्या. परत ह्या दोघींचं काय करायचं, हा प्रश्न. आणि तुम्ही परत काहीतरी उत्तर काढाल. मला नको."

"असं करू नकोस. यादी मोठी आहे, सात-आठ वर्षं लागतात. तोवर ह्या काय..."

"तोवर ह्या जगतील. मग बघू. नाही जगल्या आणि मी जगले तर सही करीन. आज नाही."

काका माझ्याकडे वळले. "हृषी, तू सांग हिला. तुझं ऐकते."

मी ताटातल्या भाताकडे बघत होतो. स्वयंपाकघरात मला विचारलं होतं तेव्हा जे सांगायचं ते मी अर्धंच सांगितलं होतं. आता पूर्ण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

काकांनी अर्ज घडी न पाडता प्लास्टिकच्या पाकिटात घातला. फाइलीत नवा विभाजक लावला आणि त्यावर लिहिलं, 'प्रलंबित'. काकू म्हणाल्या, "उद्या लवकर निघायचंय, ह्या दोघींचं दुखण्याचं औषध आत्ताच द्या." काकांनी ड्रॉपर आणला. सुंठला ते दिसताच ती काकूंच्या कोपराच्या आत तोंड खुपसून बसली, आणि काका हातात थेंब धरून, ती बाहेर येईपर्यंत, टेबलाशी उभे राहिले.